खुळखुळ्याची गाडी

झाकणाचा शेवटचा स्क्रू सुटला आणि वासाने मला गाठलं. जळकं तेल, थोडं पेट्रोल, आणि या दोन्हींच्या खाली, शपथेवर सांगते, स्पिरिटचा वास. सुई टोचण्याआधी कापसाला लावतात त्या स्पिरिटचा. इंजिनाच्या पोटात स्पिरिट कुठून येणार, हे मलाही कळतं. पण नाकाला कोण समजावणार? आत्याच्या गाडीला माझ्या लेखी हाच वास आहे आणि तो असायलाच हवा. मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि गोणपाटावर तशीच बसून राहिले.

एप्रिलची दुपार होती. शिरड शहापूरच्या पुढे आमचं गाव, गावाच्या कडेला आमचं घर आणि घरामागे पत्र्याची शेड. शेडवर कडुलिंबाचा मोहर गळत होता आणि वाऱ्याची झुळूक आली की उघड्या इंजिनात पडत होता. शेजारच्यांच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत होती. जयंती दोन दिवसांवर आली होती आणि माझ्यासमोर एक गाडी होती, जिचा क्लच सुटत नव्हता.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. सगळी नोकरी तिने आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून केली, आणि ती या टू-स्ट्रोक मोटारसायकलवर. आमच्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात जीप रुतते, सायकल तर खांद्यावर घ्यावी लागते. आत्याने जुनी गाडी घेतली, पदर खोचला आणि लसीची पेटी मागे बांधून वाड्या-तांडे फिरायला लागली. लोक आधी हसले. मग त्यांच्या बायका गाडीची वाट बघायला लागल्या, तेव्हा लोकांचं हसणं आपोआप बंद झालं.

जयंतीला आमच्या गावात मिरवणुकीच्या आधी शाळेच्या मैदानावर गाडी हळू चालवायची शर्यत असते. फक्कीच्या दोन रेघांमधून जायचं. पाय टेकला की बाद, गाडी बंद पडली की बाद, रेघेबाहेर गेलात की बाद. जो सगळ्यात शेवटी पोचेल तो पहिला. बक्षीस स्टीलचा हंडा. आमच्या घरात पाणी भरायला जेवढे हंडे आहेत, ते सगळे आत्याने गाडी हळू चालवून आणलेले आहेत. मग एका वर्षी ती उतरली नाही. पुढच्या वर्षीही नाही. काहून, असं तिला कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

या हिवाळ्यात ती ओट्यावरून घसरली आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी जेवता जेवता म्हणाली, "औंदा मी उतरणार हाय."

माझा भाऊ, दादा, घास हातात धरून बसला. म्हणाला, "आत्या, मंग माझी नवी गाडी घे. बटन दाबलं की चालू व्हती."

"तुझी गाडी मला वळखत न्हाई."

म्हणून जुनी गाडी शेडमधून बाहेर निघाली. ती बरीच वर्षं दादाकडे होती. आधी त्याने तिच्यावर दूध वाहिलं, नंतर नवी घेतल्यावर ही तशीच पडून राहिली. दादाने किका मारून मारून ती चालू केली. आत्या बसली, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. क्लच दाबलेला असताना गाडीने जागेवर उभं राहायला हवं. ही राहिली नाही. आत्या लिव्हर आवळून बसलेली आणि गाडी आपली रांगत रांगत गोठ्याच्या भिंतीला जाऊन टेकली आणि बंद पडली.

आत्या उतरली. तिने टाकीवर हात ठेवला आणि दादाकडे न बघता म्हणाली, "जयंतीपर्यंत क्लच सुटला तर मी उतरते. न्हाई तर भंगारवाल्याला बोलाव. माझ्या डोळ्यापुढं हिला गंजत ठेवू नका."

दादाने मिस्त्री आणले. ते म्हणाले, हिचे पार्ट आता मिळत न्हाईत. मग त्याने मला फोन केला. मी सेनगावात शिलाई मशीन दुरुस्त करते. गाडीशी माझा काय संबंध, असं मी विचारणार होते, तर तोच म्हणाला, "तुला तिचा आवाज म्हाईत हाय. ये तू." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. दादा असा आहे. मी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या जीपने निघाले.

आवाज मला माहीत आहे हे खरं. शाळेला सुट्टी असली की मी आत्याच्या मागे बसायची. मांडीवर लसीची पेटी, पेटीत बर्फाच्या पिशव्या, आणि त्यांचा गारवा फ्रॉकमधून मांड्यांना लागायचा. पावसाळ्यात चाकाला चिखल इतका चिकटायचा की मडगार्ड भरून चाक फिरेनासं व्हायचं. मग आत्या उतरून तुराटीने चिखल काढायची आणि मी पेटी उंच धरून बांधावर उभी राहायची. थंडीत तुरीच्या शेतातून जाताना शेंगा गुडघ्यांवर आपटायच्या. आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी हळद शिजायची. कढईतून पिवळी वाफ उठायची, सगळ्या शिवारात तो उग्र, ओलसर वास भरायचा आणि लेकरं घेऊन धावत येणाऱ्या बायकांचे हात कोपरापर्यंत पिवळे असायचे. संध्याकाळी घरी आलो की पेटीवर, टाकीवर, माझ्या गालांवरसुद्धा पिवळी बोटं उमटलेली असायची. आई ओरडायची. आत्या म्हणायची, "असू दे, लगीन झाल्यावानी दिसून राहिली."

आणि खुळखुळा. तो सांगितल्याशिवाय आत्याची गाडी पुरी होत नाही.

तिच्या हँडलला काळ्या गोफात ओवलेले भोकाचे पैसे असायचे. इंग्रजांच्या अमदानीतले ते तांब्याचे पैसे, मधोमध मोठ्ठं भोक आणि वर मुकुट. निजामाच्या मुलखात ते आमच्या घरी कसे आले कुणास ठाऊक. लेकराला डाव्या दंडात सुई द्यायची वेळ आली की आत्या माळ काढून त्याच्या तोंडापुढे खुळखुळवायची. लेकरू पैशांकडे बघत राहायचं, तेवढ्यात काम झालेलं असायचं. मग लेकरू रडायचं, पण जरा उशिरा, आणि पैसे मुठीत धरून. आमच्या भागातल्या एका अख्ख्या पिढीला त्या आवाजाची गोडी आणि धास्ती एकदमच लागली. वाडीच्या तोंडाशी आत्या हँडल हलवून माळ वाजवायची आणि लहान पोरं भराभर तुरीत लपायची.

पण गाडी चालताना तो वाजायचा नाही. तो तिचा नेम होता. "खुळखुळा वाजला म्हंजे पेटी हादरली," ती म्हणायची. ओढ्यात गोटे असायचे, पाण्याखाली दिसायचे नाहीत. आत्या पाय ठेवायच्या पायटावर उभी राहायची, क्लच अर्धा दाबायची आणि गाडी गोट्यांवरून अशी न्यायची की थांबली म्हणावं तर थांबलेली नाही आणि चालली म्हणावं तर चाललेली नाही. डुग, डुग, डुग. मी पेटीला मिठी मारून श्वास रोखून बसायची.

"श्वास घे बाई," ती पुढे बघतच म्हणायची. "गाडी पेट्रोलवर चालून राहिली, तुझ्या श्वासावर न्हाई."

मला आजही वाटतं, जगात त्याहून सुंदर काही मी पाहिलेलं नाही. बाकीचे लोक वेगात जाणाऱ्या गाड्यांवर खूश होतात. होऊ देत.

नोकरी संपली, गाडी दादाकडे गेली आणि त्याच साली खुळखुळा हरवला. आत्याने कणग्या रिकाम्या केल्या, ट्रंका उपसल्या, गोठ्यातला कडबा खाली-वर केला. मग एक दिवस शोधणं थांबवलं. ती शोधत होती तोवर मला काही वाटलं नव्हतं. थांबली तेव्हा फार वाईट वाटलं.

असो. मी क्लचवर येते.

क्लच म्हणजे एका डब्यात एकावर एक रचलेल्या चकत्या. स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात, तेव्हा इंजिनाची ताकद चाकाला जाते. लिव्हर दाबला की सगळ्यांत वरची चकती उचलली जाते आणि बाकीच्या चकत्यांनी एकमेकींचा हात सोडायचा. आमच्या सोडत नव्हत्या. पहिल्या दिवशी मी आधी क्लच वायर बघितली. ती दादाने इतकी ताणली होती की आणखी ताणायला जागाच नव्हती. मग तेल काढलं. ते काकवीसारखं पातेल्यात पडलं.

"हे कोणतं तेल हाय?"

"ट्रॅक्टरचं," दादा म्हणाला. "चांगलं महागाचं हाय."

आमच्या घरात एकच डबा असतो आणि तोच सगळ्यांना, त्याबद्दल मी काय बोलणार. घट्ट तेलात चकत्या चिकटून बसतात. मी पातळ तेल भरलं. गाडी रांगायची थोडी कमी झाली, पण थांबली नाही. दुपारी झाकण उघडलं. चकत्या ज्या डब्यात बसतात त्याच्या कडांना त्यांनीच खाचा पाडल्या होत्या. चकती सरकायला जावी आणि खाचेत अडकावी. मी बारीक कानस घेऊन एकेक कड गुळगुळीत केली. उन्हाने पत्रा तापला होता, हात घामाने निसटत होता, पण मला खात्री होती की हेच दुखणं आहे. सगळं बसवलं, चालू केलं, गिअर टाकला. गाडी पुन्हा पुढे सरकली. हट्टी बाईसारखी, सावकाश, पण सरकलीच.

संध्याकाळ झाली. गावात निळ्या पताका लागत होत्या, लाउडस्पीकरवाला आवाज तपासत होता. आत्या ओट्यावर मनगटाला कोमट तेल चोळत बसली होती. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. दुरुस्त न होणाऱ्या वस्तूचा मला नेहमीच राग येतो. धंदा म्हणून ते बरं आहे, माणूस म्हणून नाही.

आत्या उठली, शेडमध्ये गेली आणि नुसता लिव्हर दाबून बघू लागली. एका हाताने तो पुरा दाबलाच जाईना.

"हात गेला माझा," ती म्हणाली. मग लिव्हर सोडून, "पर ही इतकी जड न्हवती गं पोरी. मी दोन बोटांनी दाबायची हिला."

मी जागच्या जागी उभी राहिले. दिवसभर मी चकत्या सुटत का नाहीत एवढंच बघत होते. लिव्हर जड का आहे, हे विचारलंच नव्हतं. शिलाई मशीनवर दोरा तुटायला लागला की मी आधी ताणाची स्प्रिंग बघते. इथे मला ते सुचलं नाही, कारण गाडी मोठी आहे. वस्तू मोठी असली की माणूस उगाच मोठं कारण शोधतो.

सकाळी मी पुन्हा झाकण उघडलं, गाडी स्टँडवर उभी ठेवली आणि आत्याला म्हटलं, "दोन्ही हातांनी दाब. पुरा दाब, आन् धरून ठेव."

तिने दाबला. मी डोळा क्लचच्या पातळीला लावला. वरची चकती उचलली गेली, पण एका बाजूनेच. चमच्याने डब्याचं झाकण उचकटताना ते जसं तिरकं वर येतं, तसं. एक कड मोकळी, दुसरी दाबलेलीच. त्या दाबलेल्या बाजूने सगळ्या चकत्यांना धरून ठेवलं होतं आणि तीच गाडीला पुढे ओढत होती.

"सोड आता," मी म्हटलं आणि स्प्रिंगांचे स्क्रू काढायला घेतले. स्प्रिंगा पाच. पहिली निघाली, तिच्या वाटीत खाली काही नाही. दुसरी काढली. वाटीच्या तळाशी काळं, गोल काहीतरी चिकटलेलं. वायसर, म्हणजे वॉशर, असणार. क्लच घसरायला लागला की स्प्रिंगेखाली वायसर घालून तिला कडक करतात, हे सगळे करतात. मी ते नखाने उचकटलं आणि फडक्याने पुसलं.

मुकुट दिसला.

मी ते हातातच धरून बसले. तिसरी स्प्रिंग काढली, तिच्याखाली एक. चौथी, पाचवी, तशीच. चार भोकाचे पैसे. माळेत चारच होते, म्हणून एक स्प्रिंग रिकामी राहिली होती. चार कडक आणि एक सैल, मग चकती तिरकी उचलणार नाही तर काय.

आत्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिने तळहात पुढे केला आणि मी पैसे त्यावर ठेवले.

दादा तेवढ्यात डेअरीवरून आला. त्याने तो हात बघितला आणि रिकामी किटली दारातच ठेवली.

"दुधाच्या वज्यानं क्लच घसरून राहिला व्हता," तो म्हणाला. "रस्त्यावरच्या मिस्त्रीनं वायसर मागितले. त्याच्यापाशी न्हवते. मी आलो घरी, खिळ्याला तू काढून ठेवलेली ही दोरी व्हती. दूध नासत व्हतं, आत्या. म्हटलं उद्या काढून दीन." तो जमिनीकडे बघत होता. "मंग तू शोधायला लागलीस. मंग मला बोलताच आलं न्हाई."

तेव्हा हा माणूस तिच्याबरोबर ट्रंका उपसत होता. मला त्याचे कान उपटावेसे वाटले आणि त्याची कीवही आली.

आत्याने एकेक पैसा अंगठ्याने पुसला. मग म्हणाली, "गाडीतच व्हते म्हणायचे. मंग हरवले कुठं?"

आणि ती हसली. खूप दिवसांनी, पोट धरून. दादा आधी घाबरला, मग तोही हसायला लागला, डोळे पुसत. मला काय झालं मला सांगता येत नाही. मी स्प्रिंगा रॉकेलमध्ये धूत बसले, कारण काहीतरी धुणं भाग होतं.

पैसे काढून पाचही स्प्रिंगा सारख्या बसवल्या. आता दुधाचे कॅन नव्हते, एकटी आत्या होती, तिला एवढा जोर पुरे. झाकण लावलं, तेल भरलं, ताणलेली क्लच वायर पहिल्यासारखी सैल केली. गाडी बंद ठेवूनच पहिला गिअर टाकला. आत्याने लिव्हर दाबला. दोन बोटांनी. मी मागून हलकेच ढकललं आणि गाडी गिअरमध्ये असूनही पाण्यात होडी सरकावी तशी सरकली. मी गिअर लागलाय का म्हणून दोनदा तपासलं. लागलेला होता. मी तिथेच शेडमध्ये उड्या मारल्या, माझ्या वयाला न शोभणाऱ्या. त्या दिवसाइतकी खूश मी क्वचितच झाले असेन आणि हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

दुपारी आत्याने पैसे चिंचेने घासले. ते लाल, लखलखीत निघाले. वहिनीने नवा काळा गोफ वळून दिला.

जयंतीच्या सकाळी मैदान भरून गेलं होतं. निळे फेटे, पांढरी लुगडी, बुंदीचा वास. शर्यतीत सगळी तरणी पोरं आणि त्यांच्या चकचकीत गाड्या. माईकवर आमच्या गावचा धिप्पाड पैलवान होता. त्याने आत्याचं नाव घेतलं तेव्हा थोडं हसू उठलं, टाळ्याही उठल्या. शिट्टी वाजली. एकाची गाडी रेघेबाहेर, एकाची बंद, दोघांचे पाय टेकले. शेवटी उरला हट्टा गावाहून आलेला एक पोरगा, आणि आत्या.

ती पायटावर उभी होती. नववारीचा काष्टा, डाव्या हाताची दोन बोटं लिव्हरवर. गाडी थांबली म्हणावं तर थांबलेली नाही आणि चालली म्हणावं तर चाललेली नाही. डुग, डुग, डुग. मधे एक खड्डा होता, पोरं खेळून खेळून पडलेला. पुढचं चाक त्यात उतरलं. तिचं मनगट थरथरताना मला दिसलं. मी खुळखुळ्याकडे बघत होते. तो हलला, कलला, आणि वाजला नाही. चाक वर आलं. हट्ट्याचा पोरगा तोवर पलीकडे पोचून मागे वळून तोंड उघडं टाकून बघत होता. आता तिने फक्त पाय न टेकता पोचायचं होतं. कुणीही घाई केली असती. तिने केली नाही. कुठल्या तरी अदृश्य पेटीतल्या अदृश्य बाटल्या सांभाळत ती तशीच आली, सगळ्यांत शेवटी, आणि तिचं चाक रेघेवरून गेलं.

आरडाओरडा सुरू व्हायच्या आधी एक क्षण शांतता होती. त्या शांततेत आत्याने पाय खाली टेकले आणि हँडल हलवून खुळखुळा वाजवला.

मी गर्दीकडे बघितलं. निळ्या फेट्यातले धट्टेकट्टे बाप्ये, बाया, आणि माईक धरलेला तो पैलवानसुद्धा. कुणी गालात हसत होतं, कुणाच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि सगळ्यांचे उजवे हात, त्यांच्या नकळत, डाव्या दंडावर गेलेले होते.

माझाही.